ओ द्यायची नाही

भिंगरी सापडत नव्हती. दोन खोल्यांच्या घरात साडेतीन वर्षांचं मूल सापडत नाही म्हणजे काय, असं कुणीही विचारेल. मीही तेच विचारत होते, मोठ्यानं, हसत, कारण आधी तो खेळच वाटला. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले होते. जाऊन यायचं काम. तिला टेबलापाशी खडू देऊन बसवलं होतं, दार ओढून घेतलं होतं, कुलूप आपोआप लागतं. परत आले तर कागदावर एक निळा गोल अर्धा काढून सोडलेला आणि खडू खुर्चीखाली. "कुठे गेली बाई आमची भिंगरी?" पलंगाखाली नाही. पडद्यामागे नाही. "गेली वाटतं, आता तिचा खाऊ मीच खाणार." न्हाणीघरात जाऊन मी आधी बादलीत डोकावले. मूल झाल्यापासून बादलीत डोकावायची सवय लागली आहे, रिकाम्या बादलीतही. मग गॅलरीत गेले आणि खाली बघायच्या आधी डोळे मिटले. खाली सायकली होत्या, एक माणूस गाडी धूत होता. परत आत आले तेव्हा माझा आवाज बदलला होता. तिचं खरं नाव घेऊन मी हाक मारली, जे आम्ही फक्त डॉक्टरकडे आणि रागावल्यावर वापरतो. कपडे धुण्याच्या मशीनचं झाकण उघडलं. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचं कपाट उघडलं, पीठ, तेल, कांदे, बटाटे. घर किती बारीक बारीक भोकांनी भरलेलं असतं आणि त्यातल्या प्रत्येकात एक मूल मावू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ती कोटांच्या कपाटात होती. तिच्या बापाच्या लांब कोटामागे, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही तळवे तोंडावर दाबून. डोळे टक्क उघडे. माझ्याकडे बघत होती. मला ओळखलं नव्हतं असं नाही, चांगलं ओळखलं होतं, माझी प्रत्येक हाक ऐकली होती, आणि तरी गप्प होती. मी तिला उचललं तर अंग लाकडासारखं. मारावं की मुके घ्यावेत ते कळेना म्हणून नुसती घट्ट धरून उभी राहिले. मग ती माझ्या कानात म्हणाली, "संपला?"

"काय संपला?"

"खेळ. उंदीर-उंदीर."

"अगं, मी एवढ्या हाका मारल्या, तू ओ का नाही दिलीस?"

"ओ द्यायची नाही," ती म्हणाली, मलाच काही येत नसल्यासारखी. "आईनं हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आईच्या मागे कुणीतरी असतं."

मी मागे वळून बघितलं. माझ्या स्वतःच्या घरात, भर दुपारी, उघड्या कपाटापाशी उभी राहून मी मागे वळून बघितलं.

उंदीर-उंदीर मला ठाऊक होता, पण दुरून. बसस्थानकातल्या स्फोटानंतर सगळ्या बालवाड्यांना सरकारकडून सूचना आली होती आणि भिंगरीच्या बाईंनी आम्हाला सगळ्या पालकांना छोट्या खुर्च्यांवर बसवून ती समजावून सांगितली होती. घंटा वाजली की मुलं उंदीर होतात. उंदीर बिळात जातात, म्हणजे सामानाच्या खोलीत. दिवा बंद. उंदीर बोलत नाहीत, उंदीर रडत नाहीत. बाईंनी ठरलेला शब्द म्हटला की खेळ संपतो आणि प्रत्येकाला एकेक बिस्किट. कुणीतरी बाप म्हणाला होता, "आमचा तर शी लागली तरी ओरडून सांगतो," आणि आम्ही सगळे हसलो होतो, गरजेपेक्षा जास्त. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "सगळ्यात छान तुमचीच बसते हं. हूं की चूं करत नाही." आणि मला अभिमान वाटला होता. आईची हाक आली तरी उत्तर द्यायचं नाही, कारण ती हाक आईला कुणी मारायला लावलेली असू शकते, हे त्यांनी मुलांना शिकवलं होतं आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं? नको म्हटलं असतं? ज्यानं कुणी ही सूचना लिहिली असेल त्यानं सगळा विचार केला होता. मुलाला वाचवायचं तर आईच्या आवाजापासूनही वाचवावं लागेल, इथपर्यंत तो माणूस शांतपणे पोचला होता, आणि मला त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

"पण आत्ता घंटा कुठे वाजली?" मी तिला ओट्यावर बसवून दूध देत विचारलं. "आत्ता कशाला उंदीर झालीस?"

"मामा आला ना."

"मामा? आत्ता?"

"तू वर होतीस."

"मग मामापासून काय लपायचं वेडाबाई?"

तिनं दुधाच्या कपात बघत थोडा विचार केला. "त्यानं हाक नाही मारली," ती म्हणाली. "बूट घालून आला. बाळ आणलं होतं त्यानं, असं." तिनं दोन्ही हात पुढे करून, कोपरात काहीतरी जड आणि झोपलेलं धरल्यासारखं दाखवलं. "वर ठेवलं आणि गेला. मी फटीतून बघितलं."

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. घरात आम्ही सगळे त्याला बारक्या म्हणतो, तो माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला तरी. त्याच्याकडे आमची किल्ली असते. त्याच्या भाड्याच्या खोलीत गरम पाणी येत नाही म्हणून तो आंघोळीला येतो, जेवायला येतो, आणि ज्या दिवशी माझं दुकान उशिरापर्यंत असतं त्या दिवशी भिंगरीला शाळेतून आणतो. तो यायचा म्हणजे जिन्यातूनच कळायचं. "आहे का कुणी जिवंत?" असं ओरडतच यायचा. उंबऱ्याबाहेर बूट काढायचा. आत आला की आधी भिंगरीला उलटी टांगायचा. हाक न मारता, बूट घालून, बाळासारखं काहीतरी घेऊन आलेला बारक्या मी पाहिलेला नव्हता.

न्हाणीघराच्या वर आमचा माळा आहे. स्टुलावर चढले. जुनी सुटकेस, पंख्याचं खोकं, भिंगरीचा लहानपणीचा टब, आणि त्यामागे, भिंतीशी नीट टेकवून ठेवलेली एक गडद हिरवी बॅग. चेनच्या दोन्ही टोकांना मिळून एक छोटं कुलूप. मी बोटाचं टोक लावलं. कापड गार होतं. एवढंच. मग मी हात असा मागे घेतला की स्टूल डुगडुगलं.

नवऱ्याला फोन केला. तो हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. लोकांना 'श्वास रोखा' आणि 'सोडा' सांगण्यात त्याचं आयुष्य जातं, आणि मधल्या वेळात तो विनोद करतो. स्फोटाच्या दिवशी कामावर गेलेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला होता, बूट बाहेर टाकून दिले होते आणि त्यावर आजवर एक शब्द बोललेला नाही. मी बॅगेचं सांगितलं. तो हसला. "तुझ्या भावाला बॉम्ब ठेवायचा तर आधी सकाळी उठावं लागेल. बल्ब बदलायला सांगितला तर अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडवला होता त्यानं."

"हो ना," मी म्हणाले. "मला उगीच आपलं."

तिकडे कुणीतरी खोकत होतं. मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "हात लावू नकोस."

"कुणाला?"

"बॅगेला. भिंगरीला घे आणि खाली जा. आत्ता जा. चप्पल घालत बसू नकोस."

म्हणून मी सोसायटीच्या बागेतल्या बाकावर, भिंगरीच्या पायात चपला आणि माझ्या पायात काही नाही, अशी बसले होते. तिला घसरगुंडी मिळाली होती, तिचं जग पूर्ववत झालं होतं. मी बारक्याला फोन लावत होते आणि तो घेत नव्हता. समोरच्या भिंतीवर ते पोस्टर होतं जे आता सगळ्या भिंतींवर असतं, उघडा डोळा आणि खाली संशय आला तर कळवायचा नंबर. पहिल्यांदा लागलं तेव्हा मी दुकानाच्या सवयीनं तो डोळा बघितला होता आणि बुबुळ मध्यभागी नाही हे मालकांना सांगितलं होतं. मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर जड गोल फ्रेम चढवायची, भिंगं घालायची, काढायची, आणि विचारत राहायचं, हे बरं की आधीचं? आता? आणि आता? माणसं घाबरतात. चुकीचं उत्तर दिलं तर आयुष्यभर चुकीचं दिसेल असं त्यांना वाटतं. मी सांगते, यात चूक काही नसतं, तुम्हाला जे दिसतं तेच सांगा. आमच्या दुकानातही ती पोस्टरं लावणाऱ्या खात्याची एक बाई येऊन गेली होती. सगळ्या दुकानांना तासाभराचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. तिनं सांगितलं की स्फोट करणारे आता सीमेपलीकडून येत नाहीत, जिन्यातून येतात. ते आपल्याच शाळांमध्ये शिकलेले असतात. बसस्थानकातला तो मुलगा, त्याच्या शेजारणी टीव्हीवर रडत होत्या, किती गुणी, पिशव्या उचलू लागायचा. मालकांनी चहा मागवता मागवता विचारलं, "मग मॅडम, ओळखायचं कसं? कपाळावर लिहिलेलं नसतं." ती म्हणाली, "बदल बघा. नोकरी गेली का, जुने मित्र सुटले का, नवे आले का. आणि एक लक्षात ठेवा, रागावलेल्या माणसाची फार काळजी करू नका. आधी रागावत होता आणि अचानक शांत झाला, त्याची करा. त्याचं काहीतरी ठरलेलं असतं."

मी तेव्हा चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

कारण बारक्याची नोकरी गेली होती. गोदाम बंद झालं आणि मालकानं दुसरीकडे नवी माणसं घेतली, स्वस्तातली, बाहेरून आलेली. त्यानंतर काही महिने तो आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून 'ते लोक' म्हणायचा. ते लोक असे, ते लोक तसे, त्यांना सगळं मिळतं आणि आपण रांगेत. नवरा म्हणायचा, "अरे, काल माझ्या टेबलावर त्यांच्यातला एक म्हातारा होता, त्याच्याही बरगड्या बाराच्या बारा जोड्या निघाल्या." एकदा बारक्यानं ताट सारलं आणि निघून गेला. भिंगरी रडली. आणि मग, कधी ते मला नीट सांगता येणार नाही, तो शांत झाला. परत येऊ लागला, जेवू लागला, काही म्हणेनासा झाला. डोकं बारीक कापून घेतलं. नवे मित्र होते, त्यांची नावं नव्हती, फक्त 'आमच्यातला एक'. सायकल विकून टाकली, जी त्यानं पहिल्या पगारात घेतली होती. मला वाटलं, सुटलो. मी नवऱ्याला म्हणाले देखील, बघ, निवळला. त्या खात्याच्या बाईनं एका वाक्यात माझं ते समाधान पालथं केलं आणि चहा पिऊन निघून गेली.

मी त्याला वाढवलं आहे. आई दोन ठिकाणी काम करायची, त्यामुळे त्याचं नाक पुसण्यापासून सगळं माझ्याकडे. एकदा त्याच्या गादीखालून वास यायला लागला. बघितलं तर कंपासपेटीत मेलेली चिमणी, कापसात गुंडाळून, कधीची कोण जाणे. मी ओरडले तर म्हणाला, "ती झोपली होती, मला कळेना कुणाला विचारायचं." लपवायचा तो, पण काय करावं ते न कळून लपवायचा. हे एक. आणि दुसरं असं की, बसच्या कंडक्टरनं एकदा आईला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलून खाली उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी बारा वर्षांचा बारक्या बसच्या वळणावर दगड घेऊन उभा राहिला. मी त्याला आणायला गेले होते, मी पाहिलं. बस आली, त्यानं दगड मारला, काच फुटली, आत कुणीतरी किंचाळलं. तो पळाला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "चल, घरी जाऊ." त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. अगदी काही नव्हतं. कपाळावर घाम सुद्धा नव्हता. बाकावर बसून मी एक भिंग घालत होते, एक काढत होते. हे बरं की आधीचं? चिमणी की दगड? दोन्हींमधून तोच दिसत होता, तितकाच स्पष्ट, आणि मला कुणी सांगत नव्हतं की यात चूक काही नसतं.

घसरगुंडीवर भिंगरी पोटावर पालथी झोपून उतरत होती. वरच्या मजल्यांवर लोक होते. तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा खिडकीत बसून आमच्याकडे हात हलवत होते, रोज हलवतात. मी पोस्टरवरचा नंबर लावला.

फोनवरच्या मुलीला सर्दी झाली होती. "बोला ताई, घाई करू नका," ती म्हणाली, आणि नाक ओढलं. मी सांगितलं. माझं बोलणं मला दुकानातल्यासारखं ऐकू येत होतं, उजवा डोळा अमुक, डावा तमुक. तिनं विचारलं, "नातं काय?"

"भाऊ."

"सख्खा?"

"सख्खा."

ती क्षणभर थांबली. नियमानं थांबली की माणूस म्हणून, कळलं नाही. "ताई, तुमचं नाव कुठेही येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही बागेतच थांबा. भाऊ आला तर नेहमीसारखं वागा." नेहमीसारखं. मी माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. फोन ठेवल्यावर हात थरथरतील असं वाटलं होतं. थरथरले नाहीत. कपाळाला हात लावून बघितला, घामही नव्हता, आणि मला माझीच भीती वाटली.

व्हॅन आली ती साधीच, पांढरी. गॅस गळतोय असं सांगून त्यांनी सगळ्यांना खाली आणलं. आजोबांना खुर्चीसकट आणलं. "माझ्याकडे तर गॅसच नाही," ते सगळ्यांना सांगत होते, "वीज आहे माझ्याकडे." एक कुत्रा होता, तांबूस, लांब कानांचा. भिंगरी त्याच्यासाठी वेडी झाली. तो जिना चढून गेला तेव्हा मी श्वास रोखला, आणि नवरा तिथे नव्हता 'सोडा' म्हणायला. बराच वेळ काहीच झालं नाही. काहीच न होण्याला एवढा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. कबुतरं, कुणाचा तरी रेडिओ. मग कुत्रेवाला खाली आला, कुत्रा शेपूट हलवत पुढे. माझ्या जवळून जाताना तो हळूच म्हणाला, "बसला नाही. वास आला की बसतो. बसला असता तर आपण असे गप्पा मारत नसतो." आणि भिंगरीला म्हणाला, "हात लाव, चावत नाही. सरकारी नोकर आहे."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, जिन्याच्या पहिल्या मजल्यापर्यंत. मग वाटलं, बॅगेत ते नाही, म्हणजे ते दुसरीकडे असेल.

व्हॅन गेली, दोघं जण मागे राहिले. एक बाई, आमच्या दुकानात आली होती ती नव्हे, वयस्कर, गळ्यात लोकरी मफलर. आणि एक पुरुष, ज्याच्या चष्म्याची एक काडी वाकली होती. बॅग खाली काढून त्यांनी कोचाशेजारी ठेवली होती, पाहुण्याची ठेवतात तशी. बॅगेत बॉम्ब नाही एवढंच मी नवऱ्याला कळवलं, त्याची पाळी रात्री उशिरा संपायची होती. आम्ही बारक्याची वाट बघत बसलो. "आम्ही पोलीस नव्हे," बाई म्हणाल्या. "गुन्हा झाल्यावर ते येतात. होऊ नये म्हणून आम्ही." मी विचारलं, "मग तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, "बोलतो." मी त्या पुरुषाचा चष्मा मागून घेतला आणि काडी सरळ करून दिली. हातांना काहीतरी हवं होतं.

संध्याकाळी जिन्यात आवाज आला, "आहे का कुणी जिवंत?" त्यानं बूट बाहेर काढले. दारात येऊन तो थांबला, दोघांकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. भिंगरी धावली, त्यानं तिला उचललं, पण उलटी टांगली नाही. तिला कडेवर घेऊनच तो त्यांच्यासमोर बसला. मी म्हणाले, "दे तिला, तुला त्रास देईल." तो म्हणाला, "असू दे गं."

मी स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायला घेतले. दार उघडं होतं. बाईंनी सांगितलं की माहिती मिळाली आहे, कुणाकडून ते सांगता येत नाही, बॅग उघडायची सक्ती नाही, पण उघडलीत तर बरं. त्यानं खिशातून किल्ली काढली. मी सुरी हातात धरून ऐकत होते. घोंगडी. डबाबंद अन्न. बॅटरी. जाड हातमोजे. म्यानातला चाकू. "चाकू कशाला?" "डब्यांना." कागदांचा एक गठ्ठा. बाईंनी त्यातला एक वाचला असावा, कारण घर शांत झालं. "आणि हे काय?" त्या म्हणाल्या. मी दारातून डोकावले. त्यांच्या बोटांत भिंगरीचा एक मोजा होता, पिवळा, तान्ही होती तेव्हाचा. आम्ही त्याचा जोडीदार टाकून दिला होता.

"चुकून आला असेल," बारक्या म्हणाला.

"कुठे निघाला होता?"

"डोंगरात. चालायला. आम्ही मित्र जातो. परवा निघायचं, खोलीत चोऱ्या होतात म्हणून इथे ठेवली."

"परत कधी यायचं होतं?"

ह्याच्या उत्तराला एवढा वेळ लागायला नको होता. भिंगरी त्याच्या शर्टाचं बटण फिरवत होती. मी एक बटाटा सोलता सोलता संपवून टाकला, हातात फक्त ओली साल राहिली.

"ठरवलं नव्हतं," तो म्हणाला.

ते खूप वेळ बोलले. काही मला ऐकू आलं, काही आलं नाही. गोदामाबद्दल बोलला तो, रांगेबद्दल बोलला, एकदा म्हणाला, "तिथे निदान मला नावानं हाक मारतात." नावानं. आम्ही कधी मारली त्याला नावानं हाक? जाताना बाई माझ्याजवळ स्वयंपाकघरात आल्या. चालायला जाणं गुन्हा नाही, म्हणाल्या. डबे, चाकू, यातलं काहीही गुन्हा नाही. कागद वाईट आहेत, 'त्या लोकां'विरुद्ध चिथावणारे, ते आम्ही नेतो, पण वाचणं हासुद्धा गुन्हा नाही. दर आठवड्याला भेटायला या असं त्याला सांगितलंय. यायलाच हवं असं नाही, पण यावं.

"आणि नाही आला तर?"

"तर आम्हाला कळेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही आहातच की."

त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. हात ऊबदार होता. त्या चांगल्या होत्या, मला आजही तसंच वाटतं.

ते गेल्यावर तो खोलीत फेऱ्या घालत राहिला, भिंगरी खांद्यावर, तिचे डोळे मिटत आलेले. पाठीवर थोपटत होता. मी टेबलावर ताटं मांडली. "कुणी केला असेल गं फोन?" तो म्हणाला. "तुझा नवरा असणार. त्याच्या डोळ्यांत मी खुपतोच." मी पेल्यांत पाणी ओतलं. "कुणी का असेना," तो म्हणाला, अगदी हळू, तिची झोप मोडू नये म्हणून. "आपलं घर म्हणून ठेवली होती ना मी."

"आमच्या दारात हिच्या चपला होत्या," मी म्हणाले. "ती घरात होती. तू हाक का नाही मारलीस?"

"घरात कुणी नाही असं वाटलं."

"चपला होत्या, बारक्या."

तो थोपटत राहिला. मग मला कळलं की मी तसं बोलून गेले म्हणजे सगळंच बोलून गेले. तरीही मी म्हणाले, "फोन मी केला."

थोपटणं थांबलं नाही. एकदा, फक्त एकदा, हात तिच्या पाठीवर जरा जास्त वेळ टेकला, आणि तिथे, त्या दोन थोपटींच्या मध्ये, मी जेवढी भ्याले तेवढी दिवसभरात माळ्याखाली, बागेत, कुत्रा वर असताना, कुठेच भ्याले नव्हते. तो माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी शोधलं, बारा वर्षांच्या चेहऱ्यापासून आत्ताच्या चेहऱ्यापर्यंत शोधलं.

"झोपली," तो म्हणाला. "कुठे ठेवू?"

"माझ्याकडे दे."

त्यानं दिली. नीट, मानेखाली हात ठेवून, जसं मीच त्याला शिकवलं होतं. तिचा घामट गरम गाल माझ्या गळ्याला लागला. तो जेवला नाही. दारात बसून बूट घालायला लागला. एका बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. माझ्याकडे पाठ होती. कापलेल्या केसांतून त्याची मान दिसत होती, मधली खोबण, जिथे मी त्याला पावडर लावायचे. परवा तो जाणार का, हे मला विचारायचं होतं. पण मी ते विचारलं असतं तर ते माझ्यासाठी विचारलं की त्या मफलरवाल्या बाईंसाठी, हे आम्हा दोघांनाही कळलं नसतं.

"उद्या तुझं दुकान उशिरापर्यंत ना?" तो न वळता म्हणाला.

"हो."

"मी आणू का हिला शाळेतून?"

जिन्यातला दिवा गेला, कुणीतरी खालून परत लावला. त्याची पाठ वाट बघत होती. नको म्हटलं तर तो कुठे जाईल हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याला नावानं हाक मारतात तिथे. हो म्हटलं तर ती त्याचं बोट धरून शाळेच्या फाटकातून बाहेर येईल, उड्या मारत.

"आण," मी म्हणाले. आणि मग त्याला त्याच्या नावानं हाक मारली, पूर्ण, आईनं ठेवलेल्या. तोंडाला ते परकं लागलं. तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर आता काहीतरी होतं, पण त्याच्यामागे जिन्याचा उजेड असल्यामुळे मला ते वाचता आलं नाही.

"येतो ताई," तो म्हणाला.

दार लागलं. मी भिंगरीला मांडीवर घेऊन बसले आणि उद्या दुकानात काय कारण सांगून निघायचं याचा विचार करू लागले. दाढ दुखते म्हणावं. शाळेच्या फाटकासमोर औषधांचं दुकान आहे, त्याच्या पायऱ्यांवरून फाटक दिसतं, पण तिथे मीही दिसेन. त्यापेक्षा कोपऱ्यावरचा बसथांबा बरा. जाहिरातीच्या काचेमागे उभं राहिलं की घरापर्यंतचा सगळा रस्ता नजरेत राहतो, आणि तिथे उभी असलेली बाई बसची वाट बघते आहे, असंच सगळ्यांना वाटतं.